शोकेसमागचे दोन फूट

आप्पासाहेब थोरव्यांच्या बंगल्यात सगळं दांडगं होतं. गेट एवढं, की उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आत वळावा. पोर्च एवढा, की दोन गाड्या लागून तिसरीची हौस शिल्लक राहावी. हॉलचं तर नावच काढू नका. थोरवेवाडीत कुणाच्या पोरीच्या लग्नात पाऊस आला असता तर अख्खं वऱ्हाड त्या हॉलमध्ये जेवून उठलं असतं. थोरवेवाडी म्हणजे अंथुर्ण्याहून निरवांगीकडं जाताना कालव्याच्या कडेला लागते ती. कालव्याचं पाणी जसं तिथल्या उसाला लागलं, तसं पुढाऱ्यांच्या अंगालाही लागलं होतं. तर अशा ह्या बंगल्यात बारकी गोष्ट एकच होती, ती म्हणजे संडास. आणि तो बारका का, ह्याचं उत्तर हॉलमध्ये काचेत मांडून ठेवलं होतं. वर दिवेसुद्धा लावले होते.

त्याचं असं झालं. पाच वर्षांमागं बंगल्याचं काम चालू होतं. नकाशात संडास-बाथरूम मिळून पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब होतं. भिंती छातीएवढ्या आल्या तेव्हा आप्पासाहेब हॉलच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंनी नजर फिरवली आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. मोमेंटो कुठं ठेवायचे?

सत्कार हे आप्पासाहेबांचं नगदी पीक. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं, सत्काराला एक फोन पुरतो. कुस्त्यांचं मैदान, दूध डेअरीचा वर्धापन दिन, पतसंस्थेच्या शाखेची फीत, सगळीकडं त्यांचा फेटा तयार. क्रिकेटच्या स्पर्धेतही त्यांना मोमेंटो मिळाला होता, आणि बॅट कुठल्या बाजूनं धरतात ह्यावर त्यांचं अजून एकमत झालं नव्हतं. रक्तदान शिबिराचे तर तीन होते. सुई बघितली की आप्पासाहेबांना घेरी येते, पण तो भाग वेगळा. असे एक्केचाळीस मोमेंटो जुन्या घरात पत्र्याच्या पेटीत कोंडून पडले होते.

हॉलच्या दोन भिंतींना खिडक्या, तिसरीला टीव्ही. दारातून पाऊल टाकल्याबरोबर पाहुण्याची नजर जाईल अशी भिंत एकच, आणि तिच्या पाठीला संडास. आप्पासाहेबांनी गोकुळ गवंड्याला हाक मारली आणि ती भिंत दोन फूट मागं घ्यायला सांगितली.

गोकुळ म्हणाला, "आप्पा, मग संडासात तीनच फूट उरत्यात."

"संडासात माणूस बसतोय किती? पाच मिनिटं. हॉलमधी पाहुणा बसतोय दोन तास. मोठी जागा कुणाला पायजे, तूच सांग."

ह्याला तोड नव्हती. जयवंताबाई, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळी, तेव्हा पलीकडंच विटांवर पाइपानं पाणी मारत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची खोड त्यांना लग्नानंतरच्या त्रेचाळीस वर्षांत लागली नव्हती. मनातल्या मनात मात्र त्यांचं तोंड पट्ट्यासारखं चालायचं. त्या म्हणाल्या, मनातच, की बायकांना काय, बसतील उभ्या उभ्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण मग इंदापूरहून वास्तुवाले आले. त्यांनी होकायंत्र फिरवलं, डोळे मिटले आणि सांगितलं, की बसणाऱ्याचं तोंड उत्तरेलाच पाहिजे, नाहीतर यश थांबतं. यश थांबून चालणार नव्हतं. उत्तरेला होती शोकेसची भिंत. म्हणजे कमोड लांबीत न बसवता रुंदीत बसवायचा. तीन फुटांत सव्वादोन फुटांचं भांडं गेलं, आणि गुडघ्यांना राहिले नऊ इंच. चेंबर दाराजवळ म्हणून भांडंही दाराजवळच. दार उघडलं की भांड्याला धडकायचं आणि अर्ध्यावरच थांबायचं. आत जाणाऱ्यानं आधी एक खांदा घालायचा, मग पोट आत ओढायचं, मग भिंतीला पाठ घासत पलीकडं सरकायचं, दार लोटायचं आणि मग देवाचं नाव घेऊन टेकायचं. ही विद्या मुलगा दिग्विजय आणि सून माधवी महिन्याभरात शिकले. जयवंताबाईही शिकल्या.

शोकेसची भिंत चार इंची, त्यामुळं एक गंमत राहून गेली. आत बसलेल्याचा गुडघा भिंतीला लागला की बाहेर काचेच्या फळीवर मोमेंटो किणकिणायचे. हॉलमध्ये पाहुणे असले तर सगळ्यांना कळायचं, की आत कुणीतरी हाय.

आणि आप्पासाहेब? ते त्या संडासात कधी गेलेच नाहीत. पहाटे उठून, टमरेल घेऊन, कालव्याच्या कडेच्या उसात जायची त्यांची पन्नास वर्षांची शिस्त होती. शोकेसच्या बरोबर मधल्या फळीवर, सगळ्यात मोठ्या दिव्याखाली, काळ्या दगडाच्या बैठकीचा एक जडशीळ मोमेंटो होता. आप्पासाहेब सरपंच असताना मिळालेला. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'हागणदारीमुक्त गाव'.

सगळं असं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना जयवंताबाईंचा उजवा गुडघा गेला. एका दिवसात नाही गेला. कांद्याच्या लागणी, भाजीचे वाफे आणि माणसांच्या पंगती ह्यांत चाळीस वर्षं झिजत झिजत गेला. दिवाळीनंतर बारामतीत ऑपरेशन झालं, वाटी बदलली. डॉक्टर माणूस चांगला. त्यानं सांगितलं, खाली बसायचं नाही, कमोडच वापरायचा, वॉकर धरून रोज चालायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. आप्पासाहेबांनी त्याचा तिथंच शाल-नारळ देऊन सत्कार केला.

घरी आल्या दिवशी जयवंताबाई वॉकर टेकत संडासापर्यंत गेल्या. वॉकर आत गेला तर बाई बाहेर राहायची, आणि बाई आत गेली तर वॉकर बाहेर. पोट आत ओढता येतं, ताजे टाके घातलेला गुडघा कसा आत ओढायचा? तो वाकायचाच नव्हता. त्या दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि मागं फिरल्या.

मग दिग्विजयनं बारामतीहून भोकाची खुर्ची आणली, खाली डबा असलेली. ती झोपायच्या खोलीत ठेवली. डबा माधवी उचलायची. पोरगी गुणाची, नाक मुरडलं नाही की शब्द बोलली नाही. पण जयवंताबाईंना तो डबा उचलला जाताना बघवायचा नाही. त्या भिंतीकडं तोंड करायच्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याकडून पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तिचं हे सुनेनं काढायचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवी वाटी, नवा वॉकर, काही नको होतं त्यांना. आपल्या पायांनी चालत जाऊन, दार लावून, एकटीनं बसता यावं एवढंच पाहिजे होतं. बारकी मागणी, पण बंगला मोठा होता ना.

ह्यावर त्यांनी बायकांचा जुना उपाय काढला. पाणी पिणं सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन घोट, संध्याकाळी गोळीपुरतं. जायचंच नाही म्हटल्यावर प्यायचं कशाला?

माधवीच्या हे चार दिवसांत ध्यानात आलं. ती दिग्विजयला बोलली, दिग्विजय आप्पासाहेबांना बोलला, आणि आप्पासाहेबांनी हा प्रश्न हातात घेतला. त्यांनी प्रश्न हातात घेतला की आधी बैठक होते. रविवारी सकाळी हॉलमध्ये चहा झाला. मग आप्पासाहेब, दिग्विजय, गोकुळ गवंडी, वास्तुवाले आणि शेजारचे सोनबा तात्या असे पाच जण जागेची पाहणी करायला एकदमच संडासात शिरले. शिरले ते शिरले, पण दार आतल्या बाजूला उघडणारं. सोनबा तात्यांची पाठ दाराला, दार भांड्याला, कुणालाच हलता येईना. पंधरा मिनिटं पाच कर्ते पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून उभे होते आणि आतून चर्चेचा आवाज येत होता. शेवटी एकेक जण भांड्यावर चढून सुटला. जयवंताबाई बाहेर खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

बाहेर येऊन गोकुळनं मापाची टेप गुंडाळली आणि एका वाक्यात निकाल दिला. "आप्पा, ही शोकेसची भिंत दोन फूट सारा. दोन दिवसांचं काम हाय. काकी वॉकरसकट आत जात्याल."

हॉलमध्ये सगळ्यांनी असे डोळे वटारले, जसं काही गोकुळनं चारचौघांत कुणाच्या बारशाला शिवी हासडली. सोनबा तात्या चहाच्या रिकाम्या कपात बघायला लागले.

आप्पासाहेब म्हणाले, "ती भिंत सोडून बोल."

मग ती भिंत सोडून सगळे बोलले. कमोड लांबीत फिरवावा, दाराकडं तोंड करून, असं दिग्विजय म्हणाला. वास्तुवाल्यांनी कानावर हात ठेवले. पश्चिमेला तोंड म्हणजे घराण्याच्या नावाला धोका. सोनबा तात्यांचं म्हणणं पडलं, की बाहेर गोठ्यापाशी नवा बांधावा. आप्पासाहेब म्हणाले, बंगल्याची बाई गोठ्यापाशी जाती, लोक काय म्हणतील? लोक उसात टमरेल घेऊन जाणाऱ्याला काय म्हणतात, हे विचारायचं जयवंताबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना बैठकीत धरलेलंच नव्हतं.

ठराव असा झाला, की दार काढून टाकायचं. दारच नसलं तर धडकणार काय? दार काढलं, तिथं पडदा लावला. पडदा भारी होता, फुलाफुलांचा. वॉकर आता भांड्यापर्यंत जायचा, पण वळायचा नाही. बसायचं तर वॉकर सोडून नळाला धरायचं. शिवाय शोकेसच्या बगलेला जो बोळ, त्यातच संडासाचं तोंड, त्यामुळं हॉलमधला पंखा मोठा केला की पडदा फुगून वर उडायचा. जयवंताबाई एकदाच आत गेल्या. पंखा चालू होता आणि पतसंस्थेचे मॅनेजर आले होते. त्यानंतर त्या पुन्हा भोकाच्या खुर्चीवर आल्या, आणि पाणी दोन घोटांवरून एका घोटावर.

पुन्हा बैठक झाली. ह्या वेळी वास्तुवाल्यांनी मोठ्या मनानं वाट काढली. उत्तर नाही, पश्चिमही नाही, वायव्येला तोंड चालतं. गोकुळनं कपाळाला हात लावला, पण कमोड उचलून कोपऱ्यात तिरका बसवला. पाइपाला दोन वळणं जास्तीची पडली, टाकीतलं पाणी पूर्वी एकदा सोडावं लागायचं ते आता तीनदा. जागा सोयीची झाली का, हे बघायला आप्पासाहेब स्वतः धोतरासकट, चपलेसकट त्यावर दोन मिनिटं बसले. उठले आणि म्हणाले, "बसतंय की. फर्स्ट क्लास."

त्यांचे दोन्ही गुडघे धड होते. ज्या बाईचा एक पाय सरळ ठेवावा लागतो, तिचा पाय कुठं जाणार हे कुणी बघितलं नाही. तो सरळ शोकेसच्या भिंतीत जात होता.

डिसेंबरात जयवंताबाईंना हुडहुडी भरून ताप आला. लघवीला आग. बारामतीला नेलं. तपासण्या झाल्या, आणि त्याच डॉक्टरनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आजी, पाणी का पीत नव्हता?"

आप्पासाहेब म्हणाले, "पहिल्यापासनं हट्टीच हाय ती."

माधवी सासऱ्यापुढं सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "डॉक्टर, घरात संडासाला जागा न्हाय. म्हणून त्या पीत न्हाईत."

"अगं, काय बोलतीस? बावीसशे फुटांचा बंगला हाय आपला," आप्पासाहेब म्हणाले. डॉक्टरनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा जयवंताबाईंकडं, आणि पाण्याचं माप चिठ्ठीवर लिहून दिलं. दिवसाला अडीच लिटर. न प्यायल्यास पुढचं सांगता येत नाही, असंही म्हणाला. ती चिठ्ठी माधवीनं सासूच्या उशाशी चिकटवली आणि तांब्या घेऊन समोर बसायला लागली. "आत्या, ह्यो तांब्या संपल्याबिगर मी उठत न्हाय." जयवंताबाई प्यायच्या आणि रडायच्या. कारण पाणी आत गेलं की ते बाहेर यायचं, आणि डबा माधवीच उचलायची.

अशात जानेवारी उजाडला आणि आप्पासाहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. अमृतमहोत्सव! आता संडासाचं नाव कोण काढतो? चौकात पंधरा फुटी फ्लेक्स लागला. फेटा, गॉगल, हात जोडलेले, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'हागणदारीमुक्तीचे शिल्पकार'. शिल्पकार रोज पहाटे टमरेल घेऊन त्या फ्लेक्सखालूनच उसाकडं जायचे.

कार्यक्रम बंगल्यातच ठेवला. सकाळपासून हॉल सजला, शोकेसच्या काचा पुसल्या, सगळे दिवे लावले. भोकाची खुर्ची पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून दिग्विजयनं ती मागच्या कडब्याच्या खोलीत नेऊन टाकली. "आई, दोन तासांचाच प्रश्न हाय," तो म्हणाला. जयवंताबाईंना नवी पैठणी नेसवली, शोकेसच्या पुढ्यात गादीच्या खुर्चीत बसवलं, वॉकरला झेंडूची माळ गुंडाळली. आणि माधवीनं चिठ्ठीप्रमाणं सकाळपासून दीड लिटर पाणी पाजलं होतं.

शंभर-दीडशे माणूस जमलं. बारामतीहून प्रमुख पाहुणे आले. भाषणं सुरू झाली. पहिला वक्ता बोलला, दुसरा बोलला, तिसऱ्यानं आप्पासाहेबांची तुलना थेट कालव्याशी केली. जयवंताबाईंनी पहिल्या भाषणात पाय आवळले. दुसऱ्या भाषणात पदराचं टोक मुठीत धरलं. तिसऱ्याला घाम फुटला. माधवी बायकांच्या गर्दीपलीकडं अडकलेली. त्यांनी आप्पासाहेबांच्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "अवो, मला जायचंय."

आप्पासाहेब समोर हसत बघत ओठ न हलवता म्हणाले, "थांब जरा. हार राहिलाय."

हार झाला. शाल झाली. नारळ झाला. चौसष्टावा मोमेंटो झाला. मग आपल्याकडची रीत, सत्कारमूर्तीच्या सौभाग्यवतींनी नाव घ्यायचं. सोनबा तात्यांच्या मंडळी बनाबाई, त्यांना ह्या बाबतीत दम निघत नाही. त्यांनी माइक आणून जयवंताबाईंच्या तोंडाशी धरला. "घ्या वैनी, झोकात घ्या. न्हाईतर उठू देणार न्हाय." बायका खुदखुदल्या. नवी नवरी असताना उंबऱ्यात अडवून असंच म्हणतात, नाव घे, मग वाट सोडतो. जयवंताबाईंना तो अठ्ठेचाळीस वर्षांमागचा उंबरा आठवला. आणि एवढी वर्षं मनातल्या मनात चाललेलं तोंड त्या दिवशी माइकपुढं उघडलं.

वॉकरला धरून त्या उभ्या राहिल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"काचेच्या कपाटात मोमेंटोंचा थाट,
आप्पासाहेबांचं नाव घेते, सोडा संडासाची वाट."

हॉल आधी खदखदून हसला. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी हाय. पण म्हातारी खाली बसली नाही. वॉकर उचलला, टेकला, पाऊल टाकलं. उचलला, टेकला. झेंडूची माळ फरशीवर घसटत चालली. लोक खुर्च्या ओढून बाजूला झाले, वाट सोडली, आणि हसू पुढून मागं विझत गेलं. बोळाच्या तोंडाशी जाऊन त्या थांबल्या आणि मागं वळून नवऱ्याकडं बघितलं.

"हिकडं या," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेब गेले. सवय नसताना गेले. अंगावर शाल, डोक्यावर फेटा, एका हातात नारळ.

"ह्यो वॉकर धरा. आत मावत न्हाय. आन पडदा बी धरा, पंखा चालू हाय."

नारळ कुठं ठेवावा हे आप्पासाहेबांना सुचेना. तो त्यांनी काखेत मारला, एका हातानं वॉकर धरला, दुसऱ्या हातानं फुलाफुलांच्या पडद्याची कड. जयवंताबाई नळाला धरून आत गेल्या. अमृतमहोत्सवी सत्कारमूर्ती दीडशे माणसांकडं तोंड करून संडासाच्या तोंडाशी उभे राहिले. फोटोवाल्यानं सवयीनं कॅमेरा उचलला आणि मग खाली ठेवला.

माइक चालूच होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत शोकेसमधले मोमेंटो किणकिणायला लागले. आधी कुस्तीचा, मग पतसंस्थेचा, मग रक्तदानाचे तिन्ही. सरळ ठेवलेला तो पाय पलीकडून भिंतीला लागत होता, आणि दर वेळी आतून एक दबका आवाज यायचा, आई गं, असा. पाहुणे पंख्याकडं बघत होते, गावकरी पायांच्या अंगठ्यांकडं. आप्पासाहेबांना नजर ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून ते काचेकडं बघत होते.

प्रमुख पाहुणे जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पासाहेब, दार न्हाय का ह्याला?"

"व्हतं."

"मग?"

"काढलं."

"का?"

आतून तीनदा पाणी सोडल्याचा आवाज आला. जयवंताबाई बाहेर आल्या, "द्या" म्हणून वॉकर घेतला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. माधवी तोवर गर्दी फोडून आली होती. तिच्याकडं बघून त्या म्हणाल्या, "तांब्या आण. अजून एक लिटर राहिलंय." भरल्या हॉलसमोर त्यांनी तो तांब्या घटाघटा रिकामा केला.

त्यानंतर आभाराचं भाषण फार आटोपशीर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गोकुळच्या फोनवर आप्पासाहेबांचा आवाज आला. "घण घेऊन ये."

"कुठली भिंत, आप्पा?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय कुठली ती?"

वास्तुवाल्यांना फोन गेला नाही. चौसष्ट मोमेंटो खताच्या रिकाम्या गोण्यांत भरून कडब्याच्या खोलीत गेले आणि तिथून भोकाची खुर्ची बाहेर आली, ती काम संपल्यावर दवाखान्याला देऊन टाकली. गोकुळनं सांगितलं होतं दोन दिवस, लागले तीन. पाच फूट रुंदी मोकळी झाली, कमोड पुन्हा होता तसा बसला, तोंड उत्तरेलाच. वॉकर आत जाऊन गोल वळला. भिंतीला धरायला दांडा लावला. दार आलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. ते वाऱ्यानं आपटायचं, म्हणून जयवंताबाईंनी गोण्यांतून एकच मोमेंटो मागवून घेतला, काळ्या दगडाच्या बैठकीचा, जडशीळ. तो दाराला टेकू म्हणून फार चांगला बसला.

पहिल्या दिवशी त्या एकट्या आत गेल्या, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माधवी घाबरून दाराशी गेली. "आत्या, बरं हाय ना?" आतून आवाज आला, "बरं हाय गं. बसलीय निवांत." त्या आवाजात रडू होतं, पण ते वेगळं.

संक्रांतीनंतर एका पहाटे जयवंताबाई उठल्या आणि वॉकर टेकत बोळात आल्या, तर कडी आतून. दिग्विजय आणि माधवी झोपलेले. टमरेल मात्र मोरीवर पालथं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घड्याळात बघितलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. आतून समाधानाचा एक लांबलचक सुस्कारा आला.

जयवंताबाईंनी वॉकरचा पाय उचलून दारावर दोनदा ठोकला.

"अवो, संडासात माणूस बसतोय किती?" त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं म्हणला व्हता."

मग टाकीचं पाणी सुटलं.

"आलो," आप्पासाहेब म्हणाले.